गुणसूत्रांची तपासणी : केव्हा, कशासाठी आणि कोणाच्या इच्छेने

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांनी गजबजलेल्या उरला, बिरगाव, सिलतरा या पट्ट्यात चाकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबापुढे एखादे दिवशी जो प्रश्न उभा राहतो, तो पुण्यामुंबईच्या कुटुंबापुढे उभा राहणाऱ्या प्रश्नाहून निराळा नसतो. निराळे असते ते एवढेच, की मसलत करायला जाणते माणूस हाताशी नसते. मूल दीड वर्षाचे होऊनही आधारावाचून बसत नाही. मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी राहिली आणि सोळावे लागले तरी तिला पाळी आलेली नाही. लग्नाला सहा वर्षे लोटली, पाळणा हलला नाही. अथवा तिसऱ्यांदा गर्भ गळाला. डॉक्टर चिठ्ठीवर ‘कॅरिओटाइप’ असे लिहून देतात, वस्तीतली मितानिन, म्हणजे आरोग्यसेविका, ‘मेकाहारा या सरकारी रुग्णालयात जा’ म्हणून सांगते, नागपूरचे काका ‘असल्या भानगडीत पडू नका’ असे दूरध्वनीवरून बजावतात, आणि ज्यांनी निर्णय करायचा ती दोघे नवराबायको रात्री दिवा मालवल्यावरही जागीच असतात.

अशा वाचकांसाठी माझे म्हणणे आरंभीच मांडून टाकतो. तपासणी चांगली की वाईट, हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. निकाल हाती आल्यानंतर आपण कोणती गोष्ट निराळी करणार आहोत, आणि हा निकाल जाणून घेण्याची इच्छा नेमकी कोणाची आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता आली त्याने निःशंकपणे रक्त द्यावे. ज्याला देता आली नाहीत त्याने काही काळ थांबले तरी बिघडत नाही.

आता ही तपासणी म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, आणि ही गोष्ट आज शाळकरी पोरालाही ठाऊक असली तरी १९५६ पर्यंत जगातले विद्वान ती ४८ आहेत असे धरून चालले होते. टेक्सासच्या थिऑफिलस पेंटर यांनी १९२३ साली केलेली मोजदाद सर्वांनी शिरोधार्य मानली होती, आणि अखेर स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्यो व आल्बर्ट लेवान यांनी तो हिशेब दुरुस्त केला. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, डाउन लक्षणसमूहात २१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असते हे पॅरिसमध्ये, तर टर्नर लक्षणसमूहात एक एक्स गुणसूत्र कमी आणि क्लाइनफेल्टर लक्षणसमूहात पुरुषाच्या ठायी एक एक्स अधिक असते हे ब्रिटनमध्ये उघडकीस आले. तज्ज्ञांची मोजणी तीस वर्षे चुकू शकते, ही हकीकत मी केवळ गंमत म्हणून सांगितलेली नाही. कोणताही अहवाल हाती घेताना ती आठवावी.

आपल्याकडे जुन्या दप्तरखान्यांत कागदपत्रे रुमालांत बांधून ठेवीत. कॅरिओटाइप म्हणजे हे ४६ रुमाल मोजून पाहणे होय : एखादा कमी वा जास्त आहे काय, एकातला मोठा गठ्ठा दुसऱ्यात बांधला गेला आहे काय, एवढेच त्यात कळते. रुमालातली चारदोन पाने गहाळ असतील तर ती या मोजणीत दिसत नाहीत. त्यासाठी मायक्रोअ‍ॅरे नावाची सूक्ष्म तपासणी लागते. उलट, एकही पान हरवलेले नसून दोन रुमालांतल्या गठ्ठ्यांची केवळ अदलाबदल झाली असेल, तर ती मायक्रोअ‍ॅरेला मुळीच कळत नाही आणि जुन्या कॅरिओटाइपलाच कळते. पानावरचे एखादे अक्षर चुकले असेल तर मात्र दोन्ही तपासण्या निरुपयोगी ठरतात, कारण तेथे जनुकच वाचून काढावे लागते. छत्तीसगडात हा भेद विशेष ध्यानी ठेवला पाहिजे. येथे रक्ताची आनुवंशिक तपासणी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम ‘सिकलिंग’ येते, परंतु सिकल सेल हा एका जनुकातील एका अक्षराचा दोष असल्यामुळे त्याचा कॅरिओटाइपशी काही संबंध नाही, आणि एक तपासणी निर्दोष आली म्हणून दुसरीची खातरजमा झाली असे समजू नये.

मुलाची वाढ मागे पडली असेल तेव्हा काय करावे, हे तुलनेने सोपे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. छत्तीसगडात त्याचीच पथके ‘चिरायु’ या नावाने अंगणवाड्या व शाळांतून फिरतात, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करून पुढच्या उपचारासाठी शिफारस देतात. तेथून सुरुवात करावी. डाउन लक्षणसमूह डॉक्टरांना चेहऱ्यावरून व हातापायांवरून बहुधा ओळखू येतो, मग रक्त कशाला, असे पुष्कळ पालक विचारतात. त्याचे उत्तर असे, की शंभरांतील सुमारे ९५ मुलांत जादा गुणसूत्र सुटे असते आणि पुढच्या अपत्यात तसे पुन्हा घडण्याची शक्यता साधारण एक टक्का असते, परंतु तीनचार मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते, आणि असे चिकटणे आईकडून वा बापाकडून आलेले असेल तर पुढचा सारा हिशेब बदलतो. हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी (इको) आणि थायरॉइडची तपासणी मात्र निकालासाठी खोळंबून ठेवू नये. नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात, हे उरल्याच्या कामगाराला ठाऊक असलेच पाहिजे. जन्मतः हृदयदोष, टाळूचा दोष आणि रक्तात कॅल्शियमची उणीव असे त्रिकूट एकत्र दिसले, तर २२ व्या गुणसूत्रातील एक छोटा तुकडा गहाळ असण्याचा संशय घ्यावा. तो साध्या कॅरिओटाइपमध्ये सहसा दिसत नाही, म्हणून वेगळी तपासणी नाव घेऊन मागावी. वाढीच्या विलंबाचे कारण दिसत नसेल तर मायक्रोअ‍ॅरेतून साधारण सातांपैकी एका मुलात काही उलगडा होतो. म्हणजे उरलेल्या सहांच्या पालकांना कागद हाती घेऊनही कारण कळत नाही, आणि त्यांनी ही गोष्ट आधीच मनाशी घेतलेली बरी. मुलाचे व्यायाम, वाचाउपचार, शाळा यांतले काहीही या कागदाच्या वाटेवर थांबवण्यासारखे नाही.

ठेंगण्या मुलीच्या बाबतीत मात्र माझे मत निःसंदिग्ध आहे : तपासणी करावी आणि लवकर करावी. ‘आमच्या घराण्यातच उंची नाही’ हे वाक्य किती मुलींच्या वाढीची वर्षे गिळून बसले असेल! दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीच्या ठिकाणी टर्नर लक्षणसमूह असतो. बुद्धी सामान्यतः इतरांसारखीच असते, त्यामुळे शाळेत कोणाला संशय येत नाही. वाढीच्या संप्रेरकाचा उपयोग हाडांची टोके जुळण्यापूर्वीच होतो, स्त्रीसंप्रेरके योग्य वयात सुरू करावी लागतात, महाधमनी, मूत्रपिंडे, कान आणि थायरॉइड यांवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. निकालाने इतक्या गोष्टी बदलत असतील तर वाट पाहण्याचे कारण कोणते? लग्नाच्या बाजारात बभ्रा होईल ही भीती मला समजते. परंतु अठराव्या वर्षी कळण्यापेक्षा नवव्या वर्षी कळलेले त्या मुलीच्या दृष्टीने शतपटींनी हितकर असते.

मूल न होणाऱ्या जोडप्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आपल्या समाजात अपत्यहीनतेचा आरोप प्रथम स्त्रीवर ठेवला जातो, तिच्या नळ्यांची, तिच्या रक्ताची, तिच्या कुंडलीची तपासणी होते, नवससायास होतात, डोंगरगढच्या देवीच्या पायऱ्या चढून होतात, आणि पुरुषाची साधी वीर्यतपासणी, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी, ती सर्वांत शेवटी, तीही अनिच्छेने होते. हा क्रम उलटा केला पाहिजे. वीर्यात शुक्रजंतू मुळीच नाहीत असे दोन वेळा आढळले, तर कॅरिओटाइप आणि वाय गुणसूत्राची सूक्ष्म तपासणी या दोन्ही कराव्यात; अशा पुरुषांपैकी दहांतील एकाच्या आसपास क्लाइनफेल्टर निघतो. सुमारे सहाशे पुरुषांमागे एक, असे त्याचे प्रमाण. उंची किंचित अधिक, वृषण लहान व घट्ट, दाढी विरळ, कधी लहानपणी बोलायला उशीर, एवढीच चिन्हे, आणि बहुसंख्य पुरुषांचे आयुष्य सरते तरी त्यांचे निदान होत नाही. भट्टीवर आठ तासांची पाळी करणारा, संसार नीट चालवणारा माणूस आपल्या पेशीत एक गुणसूत्र जास्त आहे हे ऐकून हबकतो, आपले पुरुषत्वच खोटे ठरले असे त्याला वाटते. तसे काही नसते. तो पुरुषच असतो. निदानाने त्याला मिळते ते असे : हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, थकवा यांची वेळीच दखल, पुरुषसंप्रेरकाचा उपचार, आणि वृषणातून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्रजंतू शोधण्याचा मार्ग, जो अनुभवी हातांत जवळजवळ निम्म्या जणांच्या बाबतीत यशस्वी होतो. येथे एक इशारा अत्यावश्यक आहे. मूल हवे असेल तर शुक्रजंतूंचा शोध होण्यापूर्वी कोणाच्याही सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करू नयेत. बाहेरून दिलेले संप्रेरक शुक्रजंतूंची उरलीसुरली निर्मितीही बंद पाडते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी शंभरांत दोन ते पाच जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांत ती वर सांगितलेली अदलाबदल आढळते. ज्याच्यात ती असते तो स्वतः पूर्ण निरोगी असतो. तपासणी दोघांचीही करावी, एकाच दिवशी करावी, आणि निकाल दोघांनी मिळूनच ऐकावा, म्हणजे ‘दोष कोणाचा’ या विषाला घरात वाव राहत नाही. अहवालात ९ व्या गुणसूत्राचा एक भाग उलटलेला आहे असा शेरा कधी कधी येतो. तो एक सामान्य, निरुपद्रवी प्रकार आहे आणि त्यापायी कोणी झोप घालवू नये, घटस्फोटाची भाषा तर मुळीच करू नये.

आता इच्छेचा प्रश्न. बीड जिल्ह्यात महिला म्हणून भरती झालेल्या एका पोलीस शिपायाच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. त्याने स्वतः लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेच्या परवानगीसाठी खात्याकडे दरखास्त केली, खात्याने ती प्रथम फेटाळली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१८ साली परवानगी मिळून मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. उलट, १९८५ साली जपानमधील कोबे येथे विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्तीनेस-पातिन्यो आपण स्त्री असल्याचा जुना दाखला घरी विसरली, नियमाप्रमाणे तिची तपासणी पुन्हा झाली, तिच्यात एक्स-वाय गुणसूत्रे निघाली, आणि पुढे ती गोष्ट वर्तमानपत्रांत फुटून तिचे पदक, शिष्यवृत्ती, मित्र सारे गेले. १९८८ मध्ये तिला पुन्हा पात्र ठरवण्यात आले, पण उमेदीची वर्षे कोण परत देणार? गुणसूत्रांची मोजणी दोघांच्याही बाबतीत झाली. एकाने विचारले होते, दुसरीला कोणी विचारलेच नव्हते. म्हणून वरपक्षाने मागितली, साहेबाने सुचवली, नणंदेला कुतूहल वाटले, अशा कारणांनी तपासणी होऊ देऊ नये. मुलाच्या बाबतीत, ज्याचा उपयोग बालपणीच होणार आहे तेवढेच शोधावे; एखादे निरोगी मूल पुढे मोठेपणी कसल्या अदलाबदलीचे वाहक ठरेल काय, हा प्रश्न त्याने सज्ञान झाल्यावर स्वतः विचारायचा आहे.

निर्णय झाला, तर मग व्यवहार. रायपुरात एम्स आहे, आंबेडकर रुग्णालय, म्हणजे तेच मेकाहारा, आहे. कोणती तपासणी तेथेच होते आणि कोणती बाहेर पाठवली जाते याची चौकशी ओपीडीच्या पहिल्याच भेटीत करावी. कामगार राज्य विम्याचे वर्गणीदार असाल, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे उरल्यातील अनेक कामगार ते असतात, तर खिशातून पैसे घालण्यापूर्वी विमा दवाखान्याची शिफारस मागा; आधी खर्च करून मागाहून परतफेड मिळवणे हे दप्तरी काम किती लांबते ते तुम्हांला सांगायला नको. आयुष्मान कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, बाह्यरुग्ण तपासणीला त्याचा भरवसा धरू नये. खाजगी प्रयोगशाळेत कॅरिओटाइप काही हजारांत होतो, मायक्रोअ‍ॅरेला त्याच्या कितीतरी पट पडते. म्हणून कोणती तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

रक्त चारपाच मिलिलिटरच लागते, परंतु कॅरिओटाइपसाठी ते हेपरिनच्या, बहुधा हिरव्या बुचाच्या, नळीत घेतात. मायक्रोअ‍ॅरेसाठी जांभळ्या बुचाच्या. पहिल्या प्रकारात पेशी जिवंत राहाव्या लागतात, कारण त्या साधारण ७२ तास वाढवून, विभाजनाच्या मधोमध थांबवून, रंगवून मोजतात. रायपुरातील वैशाखाचा ४४-४५ अंशांचा ताप कुरियरच्या डब्यात त्या नळीला मारून टाकू शकतो. शक्य तर सोमवारी किंवा मंगळवारी, सकाळी, नमुना द्यावा, थंड डब्याची पण गोठू न देण्याची ताकीद द्यावी, आणि अलीकडे रक्त चढवले असेल तर आधी सांगावे. ‘पेशी वाढल्या नाहीत, नमुना पुन्हा द्या’ असा निरोप आला तर तो रोगाचा निर्वाळा नसतो. निकालाला दोनतीन आठवडे लागतात.

नमुना देण्याआधीच विचारून ठेवावे, की निकाल समजावून कोण सांगणार. मायक्रोअ‍ॅरेत कित्येकदा असा फरक निघतो, की तो अपायकारक आहे की नुसताच घराण्याचा, हे तूर्त ठरवता येत नाही. मग आईबापांचे रक्त तपासून ताडून पाहतात. अशा वेळी आनुवंशिकीचा जाणकार हवा. मुंबईचे केईएम, लखनौची संजय गांधी संस्था, हैदराबादची निम्स अशा ठिकाणी ही शाखा चांगली रुजलेली आहे, आणि २०२० च्या दूरवैद्यक नियमावलीनंतर पुष्कळसा सल्ला घरबसल्या, दूरध्वनीवरून वा व्हिडिओ-संवादातून, रीतसर मिळू शकतो. प्रवास नळीला करू द्यावा, लेकुरवाळीला नको.

गरोदरपणाविषयी दोन शब्द. मातेच्या रक्तातून होणारी नवी चाचणी ही केवळ चाळणी आहे; तिने संशय दाखवला तर गर्भजलाची तपासणी झाल्याखेरीज कोणताही अंतिम निर्णय करू नये. १९९४ च्या कायद्यान्वये गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे आणि प्रयोगशाळा ते अहवालात देत नाहीत. पण जन्मलेल्या मुलाच्या वा प्रौढाच्या तपासणीला हा निर्बंध लागू नाही, तेव्हा त्या भीतीने कोणी मागे सरू नये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर विकृती असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळापुढे जाता येते.

अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, हे सांगावे लागते याचेच नवल वाटते. तो कागद तुमचा आहे. मात्र तुमच्यात अदलाबदल आढळली असेल, तर सख्ख्या भावाबहिणींना ती कळवणे हे तुमचे कर्तव्य आहे. तोंडी सांगितलेले चौथ्या कानापर्यंत विपर्यस्त होते, म्हणून तज्ज्ञाकडून एक छोटे पत्र लिहवून घ्यावे आणि अहवालाची प्रत त्याला जोडावी. आरोग्यविम्याच्या अर्जात विचारलेली माहिती लपवू नये. आनुवंशिक विकार म्हणून सरसकट दावे नाकारणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे, आणि विमा नियामकानेही कंपन्यांना तसे कळवले होते. विमा काढायचाच असेल तर तो तपासणीच्या आधी काढून ठेवावा, हा सावध सल्ला मी देईन.

आणि सर्व विचारांती तूर्त तपासणी नको असे ठरले, तर तेही लिहून ठेवावे : तारीख, कारण, आणि पुन्हा केव्हा विचार करायचा ते. दहाबारा वर्षांपूर्वीच्या निर्दोष कॅरिओटाइपवर समाधान मानून बसलेल्या पालकांनी तो जुना कागद, मुलाची वजनउंचीची नोंद आणि शाळेचा अभिप्राय बरोबर घेऊन डॉक्टरांना एकदा पुन्हा भेटावे. त्या वेळी ज्या तपासण्या रायपुरातून मागवता येत नव्हत्या, त्यांतल्या बऱ्याच आज येतात.